घोडीकडे पाठ करून बसलेली बाई

जालन्याबाहेरच्या एका मैदानावर विशेष मुलांना उपचार म्हणून घोडीवर बसवतात. माझ्या मुलीचा नंबर अजून यायचा होता. शेजारी घनसावंगीहून आलेली एक बाई घोडीकडे पाठ करून बसली होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा नुकताच घोडीवर चढला होता.

"माझ्यानं बघवत न्हाई," पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली. "ताई, तुम्हीच सांगा, काय करून राह्यलं लेकरू?"

मी सांगत गेले. नीट बसलाय. उपचार करणाऱ्या मॅडमनी पाय धरलाय. घोडी चालायला लागली. प्रत्येक वाक्यावर ती "मंग?" विचारायची.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. घोडी दचकून थांबली, मुलगा पुढे कलंडला आणि माझा आवाजच बंद झाला.

"पडलं का?" तिने माझं मनगट घट्ट धरलं, पण मान वळवली नाही.

"नाही. त्यानं घोडीच्या गळ्याला मिठी मारलीय."

ती हळूच म्हणाली, "मला कधी धरलं न्हाई त्यानं. नुसता हात लावला तरी ओरडतंय."

ती उठून तिकडे गेली. मुलगा आयाळीत गाल खुपसून घोडीला बिलगलेला होता. तिने त्याला हात लावला नाही. घोडीच्या मानेवर, त्याच्या हाताला लागून, आपला हात टेकवला. आता तो ओरडणार म्हणून मी श्वास रोखून बसले. त्याने हात काढून घेतला नाही.