सर्व्हरवरचा रुमाल

आजी, आजोबांच्या गोष्टी पाठव, असं तुम्ही नातवंडं म्हणालात आणि मी सहज हो म्हटलं. त्यांच्या आवाजातल्या गोष्टी साठवलेला त्यांचा लॅपटॉप सुरू केला, तर आतून टक्‌टक् आवाज. शाळेत प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या दोन प्रती ठेवणाऱ्या मी नवऱ्याच्या आवाजाची एकच प्रत ठेवली होती.

तळोद्याहून माझा जुना विद्यार्थी आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, दाढीही आता पिकली आहे. डिस्कला कान लावून तो म्हणाला, "बाई, हाई एकच खेप वाची देई. दुसरी खेपना भरोसा नही."

एकदाच वाचता येणार, म्हणून आधी उतरवून ठेवायला जागा केली. माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी मोठी डिस्क बसवून त्याला घरचा फाइल सर्व्हर बनवलं. लॅपटॉप केबलने त्याला जोडला. एकेक फाइल उचलायची नव्हती; मरू घातलेली डिस्क जशीच्या तशी, कणाकणाने, सर्व्हरवर एकाच मोठ्या फायलीत उतरवायची होती. तिला डिस्क इमेज म्हणतात. फोल्डरला नाव दिलं, पासवर्ड वहीत लिहिला. आकडे सरकू लागले.

जुम्मा होता. नमाजाला शहाद्याला निघताना तो म्हणाला, "लॅपटॉपले हात लावू नका. हलवू बी नका."

मी हात लावला नाही. पण ओसरीत वेचून आणलेला कापूस पडला होता, तंतू घरभर उडत होते. टीव्हीला, मिक्सरला घालते तसा विणलेला रुमाल मी सर्व्हरवर घातला, चारी बाजूंनी नीट खोचून. मग खुर्ची ओढून बसले.

साठ टक्क्यांवर आकडा थांबला. लॅपटॉप टक्‌टक् करत होता. सर्व्हरचा दिवा मात्र विझला होता. मी हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

तो परतला, रुमालावर तळवा ठेवला आणि झटकन काढला. "बाई, थंडी वाजी ऱ्हायनी का याले? वर्गमा आम्हले कानटोपी काढाले लावेत नं तुम्ही!"

"हसू नको. गेलं का सगळं?"

"सर्व्हर तापीसन बंद पडना. कुठलोंग वाचं ते त्यामाच लिखेल शे. पण ती बिचारी डिस्क तठलोंग टिकाले पाहिजे."

कुठपर्यंत वाचून झालं याची नोंद सर्व्हरवर होती; तो निवेपर्यंत डिस्क टिकायला हवी होती. प्रत्येक टक्‌ला वाटे, हा शेवटचा. पुन्हा सुरू केल्यावर आकडा साठावरूनच पुढे निघाला. नव्वदनंतर तो इतका रेंगाळला, की मी पडद्याकडे पाठ फिरवली.

संध्याकाळी काम संपलं. काही तुकडे वाचताच आले नव्हते. कुठले, हे उघडून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. त्याने इमेज फक्त वाचण्यापुरती उघडली, पहिली गोष्ट लावली.

आधी खरखर. मग आवाज आला, तो माझा! "अहो, पोरांना कळेल असं शुद्ध बोला."

आणि मग त्यांचा: "कळी जाई त्यास्ले. तू जराशी गप बस."

मी गप्प बसले. गोष्ट शेवटपर्यंत शाबूत होती. दुसरीत मधेच खड्डा आहे, तिसरी सापडली नाही. पहिल्या गोष्टीतलं माझं बोलणं कापलेलं नाही. या वेळी दोन प्रती केल्या आहेत. दुसरी तुमच्याकडे निघाली आहे.