क्युसॅकबाईंची दोरी

आयर्लंडहून न्यूयॉर्कला उतरल्यापासून बावीस वर्षं क्युसॅकबाईंनी लोकांचे शर्ट धुतले, त्यांना खळ घातली, इस्त्री केली. एवढ्या वर्षांत एकाही शर्टाची तक्रार आली नाही. नवऱ्याच्या तक्रारी बऱ्याच आल्या. पण तो काही त्यांनी धुतलेला नव्हता.

त्या पाचव्या मजल्यावर राहत. त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत मी आणि लायनस हॅथॉर्न. ओहायोतल्या एकाच शाळेत, एकाच बाकावर बसून आम्ही नापास झालो होतो. मी वर्तमानपत्रात बातम्या लिहायचो, तो त्याच पत्रात चित्रं काढायचा. कुठे आग लागली, घोडागाडी उलटली, की पळत जायचं, एकदाच बघायचं आणि कचेरीत येऊन आठवणीतून चित्र काढायचं. पुढे पत्रात फोटो छापायला लागले. लायनसची नोकरी गेली, सवय राहिली. दुसऱ्यांदा बघणं म्हणजे त्याला परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटे.

आता तो आणि त्याचे मित्र दारूचे गुत्ते, कोळशाच्या गाड्या, भाजीवाल्या असलंच रंगवत. कला अकादमीच्या प्रदर्शनाच्या पंचांना त्यात एकही अप्सरा सापडत नसे, म्हणून चित्रं परत येत. शेवटी या मंडळींनी एक गाळा घेऊन स्वतःच प्रदर्शन मांडायचं ठरवलं. लायनसचं चित्र होतं गच्चीवर धुणं वाळत घालणाऱ्या क्युसॅकबाईंचं. पाठवण्याआधी, रविवारी, त्याने त्यांना वर बोलावून ते दाखवलं.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. लायनस कौतुकाची वाट बघत उभा.

"हे शर्ट कुणी वाळत घातले?"

"तुम्हीच की."

"मी? खांद्याला चिमटे लावून?" बाईंचे हात कमरेवर गेले. "अरे पोरा, खांद्यावर दोन टेंगळं घेऊन गिऱ्हाईक कचेरीत जाणार का? शर्ट उलटा टांगतात, खालच्या कडेला धरून."

"एवढं कोण बघतंय, बाई? लोक प्रकाश बघतील."

"प्रकाश तुझा असेल, दोरी माझी आहे. मोठ्या घरच्या बायका येतील, त्यांच्या कामवाल्या येतील. बावीस वर्षांचं नाव एका दुपारी घालवशील माझं! शर्ट उलटे कर, नाहीतर माझं तोंड पूस."

"पण मी आठवणीतून काढतो. माझी आठवण..."

"परवा एक मोजा घालून जिना उतरलास, ती का तुझी आठवण?"

बाई गेल्यावर लायनसने रागारागाने खरंच फडकं उचललं. पण ते तोंड इतकं झकास उतरलं होतं, की हात पुढे जाईना.

"उद्या सोमवार," मी म्हणालो. "धुण्याचा दिवस. गच्चीवर जाऊन ये."

"पुन्हा बघू?"

"मी कुणाला सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो गेला, गंमत बघायला मीही मागोमाग. नदीवरून वारा सुटला होता. उलटे टांगलेले शर्ट फुगले होते, बाह्या खाली हवेत हात मारत होत्या. जणू सगळी दोरीच नदीत सूर मारायला निघाली होती. बाईंच्या तोंडात चार चिमटे, त्यामुळे लायनसची शिव्यांतून सुटका झाली. उजेडातून बाजूला हो, एवढं कोपराने सांगितलं, बस. लायनसने खिशातून कागद काढला आणि बघून काढायला लागला. बघायचा, काढायचा, परत बघायचा. खाली येऊन त्याने जुने शर्ट पात्याने खरवडले. ते मास्तरांनी बाकावर उभे केल्यासारखे दिसत होते, हे त्याला आत्ता कळलं. संध्याकाळपर्यंत नवे शर्ट दोरीवर चढले.

प्रदर्शनाला गर्दी झाली. एका पत्राने छापलं, 'घराची मागची बाजू भिंतीवर लावायची नसते.' (ते पत्र आमचं नव्हे.) त्यामुळे गर्दी आणखी वाढली. बाईंना आम्ही शनिवारी घेऊन गेलो. त्या डोक्यावर टोपी चढवून आल्या आणि चित्रापासून चार हात लांब, कुणी पकडायला येईल अशा धास्तीने उभ्या राहिल्या.

काळ्या पोशाखातली एक बाई चित्राला नाक लावून उभी होती. कुण्या मोठ्या घरची कारभारीण असावी.

"खालच्या कडेला," ती पुटपुटली, "आणि दोन शर्टांच्या मध्ये एकच चिमटा. काम येतं हिला." मग लायनसकडे वळून, "ही खरी आहे का हो कुणी?"

लायनस घसा खाकरून प्रकाशाबद्दल सांगायला लागणार, इतक्यात क्युसॅकबाईंनी त्याला कोपराने बाजूला सारलं.

"खळ कशी लागते तुमच्याकडे," त्यांनी विचारलं, "कडक की मध्यम?"