बाईंना काही येत नाही

आमच्या अंगणवाडीच्या बाईंइतकं अज्ञान एका माणसाच्या ठायी एकवटलेलं मी उभ्या लोहारा तालुक्यात दुसरीकडे पाहिलं नाही. बाईंना डावा पाय कोणता नि उजवा कोणता हे कळत नसे. वांगं जांभळं की पिवळं, हात जेवायच्या आधी धुवायचे की नंतर, गाईला शिंगं दोन की तीन, यातलं काही म्हणजे काही त्यांना ठाऊक नसे. माझा पहिलीचा वर्ग आणि त्यांची अंगणवाडी यांच्यामध्ये एकच भिंत, तीही वर पत्र्यापर्यंत न पोचलेली, त्यामुळे हे अज्ञान रोज सकाळपासून माझ्या कानावर पडे. मी परंड्याकडून नवीनच बदलून आलो होतो. पहिल्याच आठवड्यात पलीकडून खणखणीत आवाज आला, "एक, दोन, तीन, पाच." बोलताना चुकल्या असतील, असं मी मनात म्हणतोय तोच वीसेक पोरांचा गलका उठला, "चार, चार, चार." त्यावर बाई म्हणाल्या, "चार? मधी चार कधी आलं? मला कुणी सांगितलंच न्हाय." मग पोरांनी त्यांना पुन्हा एकपासून शिकवायला घेतलं आणि माझा वर्ग पाढे सोडून तेच ऐकत बसला.

ही बाईंची शिकवण्याची पद्धत आहे हे समजायला मला, डी.एड.ला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या माणसाला, चांगले सहा महिने लागले. गावातल्या काही लोकांना तर ते अजूनही समजलेलं नाही. बाई चपला उलट्या घालूनच घरून निघत. पारावरच्या म्हाताऱ्यांसमोरून, पिठाच्या गिरणीवरच्या बायकांसमोरून तशाच फेंगड्या चालत येत. वाटेत भेटलेली पोरं खाली बसून त्यांच्या चपला बदलून देत. "आंगठा आतल्या अंगाला यायला पायजे बाई, किती डाव सांगायचं तुला," असं एक चार वर्षांचं पोर कपाळाला हात लावून त्यांना समजावत होतं, ते मी स्वतः पाहिलंय. त्याच्या स्वतःच्या पायात चपलाच नव्हत्या.

महिन्यातून एकदा वजनाचा दिवस येई. पोरं काट्याला भितात, हे सगळ्याच अंगणवाड्यांत चालतं. आमच्याकडे बाईच काट्याला भीत. काटा टांगला रे टांगला की त्या दाराआड जाऊन उभ्या राहत आणि "मला न्हाय बसायचं" म्हणून डोळ्याला पदर लावत. मग एखादी चिमुरडी त्यांचा हात ओढे, "काय व्हत न्हाय बाई, म्या बसून दावते," आणि काट्याच्या झोळीत जाऊन बसे. भिण्याचं काम बाईंनीच अंगावर घेतल्यामुळे पोरांना भ्यायला सवडच मिळत नसे. अडचण एवढीच होती की ही सवय अंगणवाडी सुटली तरी सुटत नसे. एकदा आम्ही दोघं मिटिंगसाठी एसटीनं लोहाऱ्याला चाललो होतो. बाईंनी कंडक्टरला अगदी गंभीरपणे विचारलं, "ही गाडी लाल हाय का निळी?" त्यानं एकवार त्यांच्याकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आईंना खिडकीकडं बसवा, वारं लागंल."

तपासणीला येणाऱ्या मॅडमनी एकदा पोरांना विचारलं, "बाई काय काय शिकवतात तुम्हाला?" एक धीट पोरगी उभी राहिली. "बाईला कायच येत न्हाय. आमीच शिकवतो." मॅडमनी भेटीच्या वहीत शेरा लिहिला की सेविकेने स्वतःची तयारी वाढवावी. बाईंनी तो शेरा मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवला. पोरगी एका दमात बोलली, मॅडमला भ्याली नाही, याचाच त्यांना कोण आनंद झाला होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर महादेवी अंगणवाडीत आली. सहावं वर्ष चालू, डोळे टपोरे, आणि तोंडातून एक अक्षर नाही. चारेक वर्षं ती आईसोबत आळंदकडे, कर्नाटकात, मामाच्या घरी होती आणि आता बापानं दोघींना इकडे आणलं होतं. कोपऱ्यात बसे, खिचडी खाई, घरी जाई. पोरं तिला 'मुकी' म्हणू लागली. तिची आजीही तेच म्हणे. जूनमध्ये ती माझ्या वर्गात येणार होती, म्हणून मी चौकशी केली, आणि कोणाला काही न विचारता ठरवून टाकलं की पोरीला ऐकू येत नाही. मी कर्तव्यदक्ष माणूस आहे, आणि असा माणूस फार नुकसान करू शकतो. मी खटपट करून लांबच्या शहरातल्या एका मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेचा अर्ज मिळवला, स्वतः भरला, शिफारस म्हणून खाली सही ठोकली. पोर वर्षातून दोनदा घरी येणार होती. बाप टेम्पो चालवायचा, आठवड्यातून एखादी रात्र घरी असायचा. तो अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "तुमी शिकल्याली मानसं गुरुजी, तुमी म्हंताव तसं." आई दाराआड उभी होती. ती काहीच बोलली नाही. तिला काही म्हणायचंच नसेल, असं मी धरून चाललो.

अर्जावर मॅडमची सही राहिली होती. बाई मिटिंगला जाणारच होत्या, म्हणून फोटो नि दाखले जोडून मी तो त्यांच्या हाती दिला. महिनाअखेरची मुदत होती. आठवड्यानं विचारलं तर म्हणाल्या, "पेटीत ठिवला व्हता गुरुजी, सापडंना." पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, "मॅडमकडं दिला व्हता का न्हवता, तेच ध्यानात न्हाय बघा." उद्या बघते, परवा हुडकते, असं करता करता मुदत गेली. मी अंगणवाडीच्या दारात उभा राहून, पोरांसमोर, पोरांना न्यायला आलेल्या आयांसमोर त्यांना बोललो. "तुमच्या वेंधळेपणापायी एका लेकराचं वर्ष गेलं बाई." त्या खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलंच माझं." तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. मी लेखी तक्रार केली आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच बाईंना ताकीदपत्र मिळालं.

त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. "ओंदु, मूरु, एरडु." मला वाटलं, आता मात्र खरंच काहीतरी बिनसलं. पोरंही गप्प होती, कारण काय चुकलंय ते त्यांनाही कळत नव्हतं. बाईंनी पुन्हा म्हटलं, "ओंदु, मूरु, एरडु." आणि मग मी कधीही न ऐकलेला एक बारीक, चिडका आवाज आला. "एरडु." बाई हट्टानं म्हणाल्या, "मूरु." "एरडु. एरडु. आमेले मूरु."

मी खडू हातात धरूनच बाहेर धावलो. महादेवी बाईंच्या पुढ्यात उभी होती आणि त्यांची बोटं एकेक करून उघडत त्यांना कानडीत आकडे शिकवत होती. दोन आधी येतात, तीन नंतर. एवढी साधी गोष्ट या मोठ्या बाईला कळू नये, याचा तिला मनापासून राग आला होता. दारापाशी तिची आई उभी होती, तोंडात पदर कोंबून हसत होती नि रडतही होती.

बाईंनी मला सगळं सांगितलं ते खिचडीचं पातेलं घासता घासता. मी अर्ज त्यांच्या हाती दिला त्याच आठवड्यात कानडी बोलणारी एक बांगडीवाली गावात आली, तेव्हा तिच्या हाळीसरशी कोपऱ्यातली ही पोर उठून दाराकडे पळाली होती. म्हणजे कान शाबूत होते. पोरीला कानडीच येत होती. सासूनं पोरीशी मराठीतच बोलायची ताकीद दिलेली आणि आईला मराठी धड येईना, म्हणून दोघी मायलेकी घरात गप्प. बाई रोज संध्याकाळी तिच्या आईकडे जाऊन एकेक शब्द शिकून येत होत्या. "बरोबर शिकाया लई दिवस लागले गुरुजी," त्या म्हणाल्या. "बरोबर आल्याबिगर चुकवता येत न्हाय."

उन्हाळ्यापर्यंत सगळी अंगणवाडी दोन भाषांत मोजत होती. जूनमध्ये महादेवी माझ्या वर्गात आली, आणि जुलैत मला तिला फळ्यापाशी उभं करावं लागलं, कारण ती शेजारणीला बोलूच देत नव्हती.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. शाळेच्या व्हरांड्यात छोटासा समारंभ झाला. मी भाषण केलं, त्यात 'प्रदीर्घ सेवा' हा शब्द तीनदा आला आणि जे बोलायला उभा राहिलो होतो ते सोडून बाकी सगळं बोललो. मंडळी पांगल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "बाई, त्या अर्जाच्या बाबतीत मी फार वाईट वागलो. तुमच्यावर तक्रारही मीच केली. तुम्ही मला तेव्हाच सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "तुमी कागद लिवून मोकळे झाला व्हता गुरुजी. लिवून बसल्याल्या मानसाला तोंडानं सांगून पटत न्हाय." मी विचारलं, "आता तरी सांगा, काय केलंत त्याचं?" बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आजून सापडला न्हाय बघा," त्या म्हणाल्या, "आता घरी निवांत हुडकते." मला हसू आलं. त्यांच्या पाया पडावं असं वाटलं, पण लोक बघत होते, म्हणून पडलो नाही. ते राहिलंच.

अंगणवाडीत आता नवीन बाई आल्या आहेत, चुणचुणीत आहेत, चांगलं शिकवतात. महादेवी तिसरीत गेली. शाळा सुटली की ती बाईंच्या घरावरून जाते आणि ओट्यावर बसून त्यांची कानडी घेते. परवा मी तिला सहज विचारलं, "कुठवर आली तुझी शाळा?" ती दप्तर सावरत म्हणाली, "हत्तुपतोर, म्हंजे धापतोर, आलं व्हतं गुरुजी. पर आताशा बाई सारखं इसरत्याती. काल माझं नावबी चुकवलं." मग हळूच म्हणाली, "म्या परत सांगितलं. रोज सांगते म्या." बाई खरंच विसरतात की अजून शिकवतात, हे मी तिला विचारलं नाही. त्यांच्या ओट्यावर जाऊन पाहायचं मी रोज ठरवतो, आणि माझा पाय उचलत नाही.