गुडरुनची एक ओळ

त्या मंगळवारी दुपारी तीन वाजता दुधाचे सगळे टँकर आवारात रांगेने उभे होते आणि एकाही ड्रायव्हरला कुठल्या गोठ्यावर जायचं ते ठाऊक नव्हतं. हा पराक्रम माझा.

आमच्या डेअरीत रोज दुपारी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम चालवावा लागतो. कुठला टँकर कुठल्या क्रमाने कुठल्या शेतावर गेला तर डिझेल कमीत कमी जळेल आणि कुणाची दुधाची टाकी उतू जाणार नाही, हे गणित तो सोडवतो. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची: आधी गणिताच्या फाइलचं नाव, मग आपल्या अटी, शेवटी ‘सोडव’. अटींत महत्त्वाच्या दोन. किती वेळ घ्यायचा ही एक. आणि सर्वांत उत्तम उत्तराच्या किती जवळ आलं की पुरे म्हणायचं, ही दुसरी.

मी वेळेची अट लिहिली होती. आकडाही बरोबर होता. फक्त ती ‘सोडव’च्या नंतर लिहिली. हा प्रोग्रॅम डावीकडून उजवीकडे ऐकतो. ‘सोडव’ म्हटलं की मान खाली घालून कामाला बसतो, आणि त्यापुढे तुम्ही काही सांगितलं तर ते भिंतीला सांगितल्यासारखं. त्यामुळे वीस मिनिटांत आटपायचं गणित दुपारभर चालत राहिलं, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेली गुडरुन टोफ्टे घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

“थांबव त्याला,” ती म्हणाली.

“मधेच थांबवला तर...”

“तर काय?”

तर काय, ते मला ठाऊक नव्हतं. पण स्कीव्ह गावच्या शाळेत गणितात पहिला आलेला मुलगा असं पटकन कबूल करत नाही. म्हणून मी नुसताच गंभीर चेहरा करून पडद्याकडे बघितलं. गुडरुनने माझ्या पायाखालची वायरच उपटली.

गुडरुन साठीच्या जवळ आलेली. अंगाने दांडगी, आवाज पंपाच्या वर चढायची सवय असलेला. उमेदीची सगळी वर्षं तिने टँकर चालवण्यात काढली. पुढे टँकरच्या शिडीवरून चढउतर करून गुडघा गेला, तेव्हा डेअरीने तिला नियोजनाच्या खुर्चीत बसवलं. तिथे ती भिंतीएवढा नकाशा, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन टँकरांच्या फेऱ्या लावायची. स्वतःबद्दल तिला कसलाही संकोच नव्हता. “या किनाऱ्यावरच्या गाई मला नावानिशी ओळखतात,” असं ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची, आणि कुणी हसलं तर त्याला आठवडाभर खाडीपलीकडची फेरी द्यायची.

मग आरहुस शहरातल्या मुख्य कचेरीने प्रोग्रॅम घेतला, आणि प्रोग्रॅमबरोबर मला. कचेरीतल्या वीबेकेने फोनवर अट घातली होती: दोन आठवडे बघू. रोज तीनच्या आत फेऱ्यांचा तक्ता निघाला तर नियोजन तुमच्याकडे राहील. नाही निघाला तर आम्ही ते आरहुसला नेऊ. म्हणजे गुडरुनची खुर्ची जाणार. मग तिच्यासाठी उरणार होती तपासणी खोली, जिथे दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर चिकट्या लावतात.

“चिकट्या लावायला मी काय बालवाडीत आहे?” ती म्हणायची.

आणि त्या दोन आठवड्यांतला माझा हा पहिलाच मंगळवार.

वायर उपटल्यावर तिने कपाटामागून जुना नकाशा काढला आणि पेन्सिल कानावरून उतरवली. मला वाटलं, आता बाई कमाल करून दाखवणार. तिने हाताने फेऱ्या लावल्या, उशिरा का होईना टँकर सुटले, आणि ती खुर्चीत मागे रेलून म्हणाली, “बघ. याला म्हणतात डोकं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एविन्डचा फोन आला. एविन्ड ग्रासहोल्म बेटावरचा शेतकरी. खाडीतल्या बांधावरून त्याच्याकडे जायचं.

“गुडरुन, माझ्या गाई संपावर गेल्या असं तुला कुणी सांगितलं का?”

“का रे?”

“कारण टँकर आला नाही. टाकी भरून वाहायला लागली. रात्रीचं दूध मी शेणाच्या खड्ड्यात सोडलं.”

गुडरुनने नकाशाकडे बघितलं. ग्रासहोल्मवर तिची कॉफीची बशी होती.

आमच्याकडे कामात घोळ घातला की केक आणायचा, ही पद्धत. ज्याचा घोळ, त्याचा केक. गुडरुनने तो गुरुवारीच आणला, खोबऱ्याचा जाड तपकिरी थर असलेला, घरी केलेला. एविन्डसाठी मोठा तुकडा ड्रायव्हरबरोबर पाठवला. मग सुरी चाटत मला म्हणाली, “माझं फिटलं. तुझं?”

“पुढच्या आठवड्यात आणतो,” मी म्हणालो.

“विकतचा चालणार नाही.”

वीबेकेने तो एक दिवस माफ केला. दुसरा करणार नाही, असंही सांगितलं.

तेव्हापासून कीबोर्ड गुडरुनने आपल्याकडे ओढला. एका बोटाने टाइप करायची, आणि प्रत्येक शब्द एखाद्या बहिऱ्याला सांगावा तसा मोठ्याने म्हणायची. “आधी अटी, मग हुकूम. नव्या ड्रायव्हरच्या हातात चावी दिल्यावर रस्ता सांगून काय उपयोग? तो फाटकाबाहेर पोचलेला असतो.” हा टोला मला होता.

पण दुसऱ्या अटीने तिचा जीव खाल्ला. तिला सर्वांत उत्तम तक्ताच हवा होता, त्यात तडजोड नाही. म्हणून उत्तमाहून किती कमी चालेल, ती सूट तिने शून्य ठेवली. प्रोग्रॅमला चांगला तक्ता चार-पाच मिनिटांत सापडायचा आणि तरी तो वेळ संपेपर्यंत घुमत बसायचा.

“सापडलंय ना त्याला?”

“सापडलंय. पण याहून चांगलं नाहीच, हे तो सिद्ध करतोय.”

“म्हणजे माझा नवराच की. गाडी नीट लागलेली असते, तरी उतरून चारही बाजूंनी बघून येतो आणि पुन्हा आत बसतो. आणि मी पिशव्या घेऊन उभी.”

दोन दिवस तीनला टेकून तक्ता निघाला. तिसऱ्या दिवशी वैतागून तिने सूट एकदम मोठी करून टाकली. प्रोग्रॅम क्षणात थांबला. तीही खूश, मीही. त्या तक्त्याप्रमाणे एक टँकर त्याच दिवशी दोनदा खाडीपलीकडे जाऊन अर्धा रिकामा परत आला. संध्याकाळी जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर ड्रायव्हरांनी लिहिलं: ‘खाडीदर्शन सहल. चौकशी गुडरुनकडे.’

तिने फळा पुसला नाही. खाली लिहिलं, ‘जागा भरल्या आहेत,’ आणि आत येऊन दार आपटलं.

“थोडं सांगितलं तर ऐकत नाही, जास्त सांगितलं तर नको तेवढं ऐकतो. हे यंत्र आहे की जावई?”

शेवटी एक टक्क्यावर तडजोड झाली. एक टक्का तिला हरल्यासारखा वाटायचा. पण तक्ता अडीचच्या आत येऊ लागला, आणि ती पावावर लिव्हरचं वाटण फासत, वैतागून का होईना, वेळेवर जेवू लागली.

शेवटचा दिवस शुक्रवार. आदल्या दिवसापासून पश्चिमेचं वारं सुटलेलं. वीबेके स्वतः आरहुसहून आली होती, हातात ओली छत्री, उलटी झालेली. तक्ता तयार होता. तेवढ्यात नगरपालिकेचा निरोप आला की ग्रासहोल्मचा बांध संध्याकाळी पाण्याखाली जाणार. म्हणजे तक्ता रद्द, एविन्डची टाकी पुन्हा धोक्यात आणि सगळं गणित नव्याने.

“मी करू?” मी विचारलं.

“हात मागे घे.”

तिने बांधाची वेळ फाइलमध्ये घातली. मग ओळ लिहिली, मोठ्याने म्हणत. फाइल. वेळ. एक टक्का. थोडं थांबून तिने पुन्हा डावीकडून वाचलं. मग ‘सोडव’, आणि एंटर. वीबेके मागे उभी होती. खोलीत नुसता वाऱ्याचा आवाज. तीन वाजायच्या आत तक्ता आला आणि एविन्ड त्यात होता, पाणी चढायच्या आधी, पहिलाच.

गुडरुनने कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. तिला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

“छान!” वीबेके म्हणाली. “म्हणजे एवढ्या एका ओळीवर होतं हे सगळं?”

“एका ओळीवर,” गुडरुन ऐटीत म्हणाली. “जमवायला दोन आठवडे लागले, पण आता कुणीही चालवावी.”

“मग ती मला पाठव ना.”

हे कुठे चाललंय, ते मी तेव्हाच ओळखलं. गुडरुनला अजून कळलं नव्हतं. ती म्हणाली, “माल्थे, पाठव रे तिला.” मी पाठवली. काय करणार?

महिन्याभरात नियोजन आरहुसला गेलं. ज्या कामाला एक ओळ पुरते, त्याला इथे वेगळी खुर्ची कशाला, असं वीबेकेने गोड शब्दांत कळवलं. मला मात्र ठेवलं, रस्त्यांची फाइल भरायला. मी स्वस्तात पडतो.

“बिघडलं असतं तरी गेलं असतं आणि जमलं म्हणूनही गेलं,” गुडरुन म्हणाली. “मग मी ती सूट शून्यावरच का नाही ठेवली? बसला असता घुमत.” त्यानंतर तिने नकाशा गुंडाळला, बगलेत मारला आणि तपासणी खोलीकडे गेली, दुखरा पाय जरा जास्तच आपटत.

आता ती बाटल्यांवर चिकट्या लावते. वाकड्या लावते, मुद्दाम. वारं सुटलं की मी तिला आतल्या फोनवरून विचारतो, कारण बांध कधी बुडेल हे नगरपालिकेच्या आधी तिच्या गुडघ्याला कळतं.

काल विचारलं.

“चारला बुडेल. साडेतीन लिही, आरहुसवाल्यांना घाई नसते,” ती म्हणाली. “आणि केक?”

“आणतो ना. परवा घरी करून बघितला, मधोमध खाली बसला.”

“कधी आणतोस?”

“येत्या शुक्रवारी, नक्की. म्हणजे गुडरुन, या शुक्रवारी आईकडे जायचंय, पण त्यानंतर...”

पलीकडे फोन केव्हाच ठेवलेला होता.