इंदूच्या हाडांपर्यंत ऊन पोहोचलंच नाही

दाजी स्वतः आले होते. कॉलेजच्या व्हरांड्यात, प्रयोगशाळेच्या दारापाशी, टोपी हातात धरून ते उभे होते. मला पाहूनही आत येत नव्हते. शेवगावहून पहिल्या गाडीनं नगरला आलेला माणूस असा मुकाट उभा राहिला की विचारायला काही उरत नाही. मी हातातला खडू टेबलावर ठेवला. "गेली इंदू," ते म्हणाले. "तुमची अक्का म्हनती, मामा आल्याबिगर पोरीला उचलायचं न्हाई. चला."

इंदू माझी भाची. माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. तिला विसावं वर्ष लागलं नव्हतं, आणि उंची होती आठ वर्षांच्या पोरीएवढी. बसमध्ये अनोळखी बाई तिच्या गालाला हात लावून "कितवीत आहेस गं?" असं विचारायची. इंदू शांतपणे सांगायची, "मॅट्रिक झाले." बाई ओशाळायची आणि इंदू खिडकीबाहेर बघत राहायची.

ती उशिरा चालायला लागली, आणि चालायला लागली तेव्हा पाय धनुकलीसारखे वाकलेले होते. मनगटं जाड, छातीचा पिंजरा पुढं आलेला. गावातल्या म्हाताऱ्यांनी बघताक्षणी सांगितलं, मुडदूस आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि माशाचं तेल लिहून दिलं. अक्का माळकरी घरातली, अंड्यालासुद्धा हात न लावणारी. पण नाकाला पदर लावून रोज तो चमचा पोरीच्या तोंडात घालायची. सकाळी अंगणात गोधडी टाकून, तिला उघडी करून उन्हात निजवायची. आमच्याकडं दुसरं काही नसलं तरी ऊन भरपूर. शेजारच्या वस्तीवरच्या तशाच एका पोराचे पाय दोन वर्षांत सरळ झाले. इंदूचे झाले नाहीत. अक्कानं तेल दुप्पट केलं, ऊन दुप्पट केलं. पोर काळवंडली, पण पाय तसेच.

मग, ती मॅट्रिक झाल्यावर, मी तिला पुण्याला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला धरला. गुडघ्यापाशी हाडाची टोकं नीट रेघेत संपत नव्हती. जुन्या कुंचल्यासारखी ती पिंजारलेली होती. त्यांनी अक्काला विचारलं, "लग्न नात्यातलं का?" अक्का म्हणाली, "व्हय. आत्याच्या घरात दिली मला." डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, की ऊन अंगावर पडलं की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, तेलातही ते असतं. पण ते जसंच्या तसं कामाला येत नाही. शरीरात त्याचं रूप बदलावं लागतं, शेवटचा बदल मूत्रपिंडात होतो, आणि या मुलीत बहुधा तोच होत नाही. तसं बदललेलं रूप परदेशात प्रयोगशाळांत सापडलंय, असं त्यांनी नुकतंच वाचलं होतं. औषध म्हणून ते कुठंच मिळत नव्हतं. तोवर एकच उपाय होता, साधंच जीवनसत्त्व फार मोठ्या मात्रेत द्यायचं. "पण ते दुधारी आहे. रक्तात कॅल्शियम वाढलं तर मूत्रपिंडं जातील. दर महिन्याला रक्त-लघवी तपासायला आणलंच पाहिजे."

परतताना गाडीत शिरूर गेल्यावर अक्का म्हणाली, "त्येंनी नात्याचं का इचारलं रे?" मी सांगितलं, की नात्यातल्या लग्नात दोघांच्याही रक्तात लपलेली एकच उणीव पोरात उतरू शकते. सांगावंच लागलं. ती म्हणाली, "म्हंजे तिच्या बापात न् माझ्यात... आमच्या दोघांतनंच आलं व्हय हे?" मी म्हटलं, यात कुणाचा दोष नसतो. तिनं मान हलवली, पण त्या दिवसापासून ती दाजींशी मोजकंच बोलायला लागली. भांडण नव्हतं. दोघंही एकमेकांकडं बघायचं टाळत होते, एवढंच.

त्या काळात तपासणीसाठी येता-जाता इंदू आमच्याकडं नगरला राहायची. एकदा हट्टानं माझ्या प्रयोगशाळेत आली. मुलांना दाखवायला मी कोंबडीचं हाड आम्लात घालून ठेवलं होतं. आम्लानं त्यातला चुना निघून जातो, आकार तोच राहतो, पण हाड रबरासारखं वाकतं. तिनं ते बरणीतून काढून धुतलं आणि बोटाभोवती वळवलं. "मामा, हे तर माझंच हाय," ती म्हणाली आणि हसली. मग तिनं मला सगळं सांगायला लावलं. मी फळ्यावर काढून दाखवलं... वाढत्या हाडाच्या टोकाला पेशी कशा रांगेत उभ्या असतात, क्रमानं कशा मोठ्या होतात, पक्व झाल्या की हाडाला जागा करून देतात. हाड घडवणाऱ्या पेशी मग तिथं मऊ बिछाना अंथरतात आणि त्यावर चुना बसतो. जीवनसत्त्वाची साथ नसली, की पेशी वाढायच्या थांबत नाहीत, पण पक्व होत नाहीत. रांगा मोडून नुसता ढीग होतो, बिछाना मऊच राहतो आणि अंगाच्या भारानं वाकतो. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे त्या नुसत्या वाट बघत बसल्यात," ती म्हणाली. फळा पुसताना तिचा हात अर्ध्यापर्यंतच पोहोचला. वरचा अर्धा मी पुसला.

मोठ्या मात्रेचा गुण आला, हे खोटं नाही. वर्षभरात पायाची ठणक कमी झाली. दाजींच्या खांद्यावर बसून शाळेत गेलेली पोर काठी टेकत एकटी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आली. अक्कानं त्या दिवशी पुरण घातलं. पुढच्या एक्स-रेमध्ये पिंजारलेल्या टोकांवर चुना धरल्याची बारीक पांढरी रेघ दिसली. मी ती पुन्हापुन्हा बघितली. आयुष्यात एवढी सुंदर रेघ मी पाहिली नव्हती.

मग दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, बैल छावणीत गेले, अक्का आणि दाजी रोजगार हमीसारख्या सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. पुण्याच्या वाऱ्या महिन्याच्या दोन महिन्यांवर गेल्या, मग बंदच पडल्या. औषध मात्र थांबलं नाही. ज्यानं पोरीला पायावर उभं केलं, ते थांबवायचं तरी कसं? कामावरच्या बायका आपली तान्ही पोरं इंदूपाशी सोडून जायच्या. त्यातल्या एका पोरीचे पाय वाकायला लागलेत हे इंदूनंच ओळखलं. तिच्या आईला तिनं उन्हाचं सांगितलं, स्वतःची उरलेली तेलाची बाटली दिली. मी गेलो तेव्हा ती पोर ओसरीत तुरुतुरु धावत होती. "हिला लागू पडलं बघा मामा," इंदू म्हणाली. तिच्या आवाजात आनंदच होता. तो आनंद मला बघवला नाही.

त्या उन्हाळ्यात इंदूला तहान लागायची. पण तहान कुणाला नव्हती? टँकर दिवसाआड यायचा, आणि आपल्या वाट्याचं पाणी अक्का तिच्यासाठी झाकून ठेवायची. तिला मळमळायचं, तर सगळे म्हणायचे, ही रेशनची परदेशी लाल मिलो ज्वारी कुणालाच पचत नाही. ती दिवसादिवसा निजून राहायची, तर म्हणायचे, उन्हाची ग्लानी आहे. प्रत्येक गोष्टीला दुष्काळाचं कारण तयार होतं. सुट्टी लागल्यावर मी गेलो. ती तांब्यामागून तांब्या रिकामा करत होती, आणि तेवढ्याच वेळा अक्का तिला आधार देऊन मोरीकडं नेत होती. मी औषध त्या क्षणी बंद केलं आणि मिळेल त्या गाडीनं तिला नगरला आणलं. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं होतं. हाडांना हवा असलेला चुना मूत्रपिंडांत साचला होता. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं, आणि काही आठवड्यांनी हळू आवाजात म्हणाले, आता घरी न्या.

जाण्याआधी ती एकदाच औषधाबद्दल बोलली. "मामा, ते परदेशातलं... आलं का वो?" मी म्हटलं, अजून नाही. "आलं की त्या डॉक्टरांना म्हनावं, आधी लहान पोरांना द्या. मोठ्यांचं काय, वाकलेलं वाकलेलंच राहतंय." मला तिला सांगायचं होतं, की तू मोठी कुठं आहेस... पण ती डोळे मिटून पडली होती.

मी जीवशास्त्र शिकवतो. पेशी, त्यांच्या रांगा, त्यांची वाढ हे सगळं मला पाठ आहे, आणि त्यातलं काही इंदूच्या उपयोगी पडलं नाही. कधीतरी ते औषध बाटलीत भरून आपल्याकडंही येईल. येवो. मला त्याची वाट बघण्याचं कारण उरलेलं नाही.

गेल्या आठवड्यात अक्काकडं जाऊन आलो. पाऊस बरा झालाय, विहिरीला पाणी आहे, दाजी रानात असतात. निघताना अक्का माझ्याबरोबर बाहेर आली आणि दार लावायला वाकली. तेव्हा मी बघितलं, दाराला दोन कड्या आहेत. वरची नेहमीची, आणि तिच्या पार खाली, मांडीच्या उंचीवर, इंदूचा हात पोहोचावा म्हणून दाजींनी ती लहान असतानाच बसवलेली दुसरी. मी म्हटलं, "अक्का, वरची लाव की. कंबर दुखतीय ना तुझी?"

"ती गंजलीय," अक्का म्हणाली. "किती वर्सं झाली, आमी खालचीच लावतो."

आणि वाकून तिनं कडी घातली.