आधीच निवडलेली भाषा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. बेळगावातल्या एका दवाखान्यात मी कॉम्प्युटरच्या विभागात आहे. पेशंटची नोंद करायला काउंटरवरच्या मुली जो फॉर्म उघडतात, तो मी तयार केला. त्या फॉर्मातल्या एका यादीत मी ‘कन्नड’ आधीच निवडून ठेवलं होतं. त्यामुळं माझ्या थोरल्या बहिणीला तिचा रिपोर्ट वाईट आलाय हे अडीच महिने कळलं नाही. हे शेवटी सांगण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

आमच्या भागात भाषेचं नाव निघालं की लोकांचे कान उभे राहतात. म्हणून तेही स्पष्ट करते. मला कुणी सांगितलं नव्हतं की कन्नडच ठेव. मी पहिल्या आठवड्याच्या नोंदी बघितल्या, कन्नड जास्त निघालं, ते ठेवलं. मराठी जास्त निघालं असतं तर मराठी ठेवलं असतं, आणि दुसऱ्या कुणाची तरी बहीण अडकली असती.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. निपाणीत आमचं दोन खोल्यांचं घर. तिथं ती आईच्या शेजारी सूप घेऊन विड्या वळायला बसली ती चौथी झाल्यावर, आणि पुन्हा शाळेत गेलीच नाही. आमच्या मराठी शाळेत कन्नडचा तास पाचवीपासून होता. म्हणजे तो तास माझ्या वाट्याला आला, तिच्या नाही. बोलायला मात्र ती माझ्यापेक्षा पक्की. कारखान्यात विड्या तपासून घेणारा कन्नड, शेजारीण कन्नड. त्यांच्याशी ती अशी भांडायची की ऐकणाऱ्याला ती मराठी आहे हे सांगूनही पटलं नसतं. लग्न झालं, दोन वर्षांत नवऱ्यानं टाकलं, परत आली, परत सूप घेऊन बसली. माझं बीसीए तिच्या बोटांवर झालं. मी पास झाले तेव्हा तिनं गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, “आमची कॉम्पुटर शिकल्या. आता तिला कोण फसवायचं न्हाई.”

दवाखान्यात आधी एक वही होती. रिपोर्ट आले की एक वयस्कर सिस्टर ती वही उघडून एकेकाला फोन लावायच्या. समोरचा ज्या भाषेत ‘हॅलो’ म्हणेल त्या भाषेत बोलायच्या. मी आल्यावर ती वही बंद झाली. रिपोर्ट तयार झाला की आपोआप मेसेज जाईल, पेशंटच्या भाषेत जाईल, असं मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, “फोनवर कळतं हो, पलीकडच्याला समजलं की नाही ते.” मी हसले. तेव्हाचं ते हसणं मला अजून आठवतं.

भाषेच्या यादीत सुरुवातीला मी काहीच निवडून ठेवलं नव्हतं. तिथं ‘निवडा’ एवढंच दिसायचं, आणि निवडल्याशिवाय फॉर्म पुढं सरकायचा नाही. काउंटरवरच्या मुली कुरकुरल्या. आमचे मॅनेजर मला बोलावून म्हणाले, “बाई, बाहेर रांग बघा की. जिल्हा, तालुका, भाषा, नातं, सगळं निवडत बसायचं म्हटलं तर पेशंट इथंच मरायचा. एकेक ठेवून द्या आधीच. ज्याला बदलायचं तो बदलेल.”

ज्याला बदलायचं तो बदलत नाही, हे मला माहीत होतं. यादीत आधीच काहीतरी दिसलं की ते आपणच भरलंय असं डोळ्यांना वाटतं, आणि बोट पुढच्या चौकटीवर जातं. जिथं चुकलेलं कुणाच्या लक्षात येणार नाही तिथं आधी काही ठेवू नये, असं कॉलेजात शिकवलंही होतं. पण मॅनेजरना नाही म्हणायचं नव्हतं मला. दुपारपर्यंत सगळं करून दिलं. जिल्हा बेळगावी, भाषा कन्नड, सोबत आलेल्याचं नातं पती. रांग खरंच कमी झाली. मॅनेजरनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली, आणि मी ती घेतली.

त्यानंतर महिन्याभरात आक्काच्या छातीत गाठ लागली. तिनं ती कित्येक दिवस सांगितली नव्हती, ते वेगळं. मी तिला निपाणीहून आणलं. काउंटरवरची मुलगी तिला बघून म्हणाली, “आक्का, ऊटा आयता?” आणि आक्कानं जेवण झाल्याचं, बसमधल्या गर्दीचं, सगळं कन्नडमध्ये सांगून तिला हसवलं. मी त्या मुलीला म्हटलं, सरक बाजूला, तुझ्या बोटांनी संध्याकाळ होईल, मी भरते. खुर्ची ओढून भरभर भरलं. सोबत आलेल्याचं नातं ‘पती’ दिसलं तेव्हा मला झोंबलं. ते मी बदलून ‘बहीण’ केलं. भाषेच्या चौकटीवरून पुढं गेले. तिथं काही झोंबण्यासारखं नव्हतं.

आक्का शेजारच्या स्टुलावर बसली होती. म्हणाली, “किती जोरात चालत्यात गं तुझी बोटं. विडीला बसलीस तर माझ्यापुढं जाशील.”

गाठीचा तुकडा तपासायला गेला. आक्का निपाणीला परतली आणि मला दवाखान्याच्या लोंढा गावातल्या नव्या शाखेत हाच फॉर्म बसवायला पाठवलं. आठवड्यासाठी म्हणून गेले ती जवळजवळ तीन महिने राहिले. फोनवर दर चार दिवसांनी विचारायचे.

“दवाखान्यातनं काय आलं का?”

“न्हाई गं. काय आलं न्हाई.”

“बघ हां नीट.”

“बघतो की. त्या सिमकार्डवाल्यांचंच येतंय सारकं.”

काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले. रिपोर्ट मी स्वतः उघडून बघू शकले असते. एक फोन केला असता तर बेळगावच्या काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं असतं. पण जे मी बनवलंय ते बरोबर चाललंय का हे स्वतःच्याच बहिणीपायी तपासायचं, हे मला सुचलंसुद्धा नाही. इतका माझा त्यावर विश्वास.

लोंढ्याहून परत आले त्या रविवारी निपाणीला गेले. आक्का फळीवरचा पानांचा गठ्ठा काढत होती आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. “काखेत आवघडतंय,” म्हणाली. मी तिचा फोन मागितला. सिमकार्डाच्या जाहिरातींच्या मध्ये आमच्या दवाखान्याचे तीन मेसेज होते. तिन्ही कन्नडमध्ये. पाठवणाऱ्याच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं.

आक्का पानं कापायला बसली होती. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवत होती.

“काय बघतीस एवढं?”

“आक्का, हे दवाखान्याचे मेसेज आहेत.”

“कुठलं? ती गोल अक्षरं? ती कंपनीची हाईत.”

“दवाखान्याची आहेत. रिपोर्ट आलाय, लगेच या, असं लिहिलंय.”

“कवा?”

मी तारीख सांगितली. तिची कात्री थांबली.

“मग मराठीत का न्हाई लिवलं?”

तेव्हा मी खोटं बोलू शकले असते. काउंटरवरच्या मुलीची चूक, मशीन बिघडलं, काहीही चाललं असतं; तिनं मानलं असतं. मी सांगितलं की फॉर्म माझा, त्यात कन्नड आधीच घालून ठेवणारी मी, आणि तिचा फॉर्म भरताना ते न बदलणारीही मीच.

तिनं साचा पुढच्या पानावर ठेवला आणि म्हणाली, “मराठी न्हवतं व्हय त्या यादीत?”

“होतं. दुसरंच.”

“मग मी तुझ्या म्होरंच बसलोवतो की गं. इचारायचं.”

एवढंच. आणि उरलेली पानं कापली.

डॉक्टरांना मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, “नक्की सांगता येत नाही. पण अडीच महिने थोडे नसतात.” माझी समजूत काढली नाही, ते बरं केलं.

उपचार सुरू झाले तेव्हा मी फॉर्म बदलला. एकाऐवजी दोन प्रश्न केले: बोलायची भाषा, वाचायची भाषा. दोन्हींत आधी काही ठेवलं नाही. मॅनेजर रांगेबद्दल बोलायला लागले. मी म्हटलं, माझं नाव लावून तक्रार करा, पण ते परत घालणार नाही. सलाईन लावून पडलेल्या आक्काला मी लॅपटॉपवर ते दाखवलं. का दाखवलं, माहीत नाही. शाबासकी हवी होती की काय.

तिनं मान तिरकी करून बघितलं. “आणि जिला वाचाय येत न्हाई ती काय निवडंल?”

मी यादी वरखाली सरकवून बघितली.

“आय असती तर तिचं काय घातलं असतंस?”

मग त्याच खाटेशेजारी बसून मी दुसऱ्या यादीत आणखी एक ओळ घातली: ‘वाचता येत नाही, फोन करावा’. तो फोन करायला माणूस लागणार होता. निवृत्त झालेल्या त्या सिस्टरच्या घरी टिळकवाडीला गेले, त्या वही कशी भरायच्या ते विचारून आले. आता ते फोन मीच लावते, रोज सकाळी अकराच्या आत.

पुढचे मेसेज आक्काला मराठीत आले. ती अक्षराला अक्षर लावून मोठ्यानं वाचायची. ‘आपली पुढील तपासणी’ इथं थांबून एकदा म्हणाली, “आपली म्हणत्यात की मला.” ते वाक्य मी लिहिलं होतं. तिला तसं सांगितलं नाही.

दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनी ती गेली. शेवटच्या महिन्यात ती माझ्याशी खूप बोलली; आईचं, शेजारणीचं, कारखान्यातल्या बायकांच्या चहाड्या. फॉर्मचं कधी काढलं नाही. जाऊ दे, असंही कधी म्हणाली नाही. मी वाट बघत होते, हे तिला कळत असणार. माझं तोंड बघून तिला सगळं कळायचं. तरी ते दोन शब्द ती म्हणाली नाही. रागावली असेल तर तो तिचा हक्क होता, आणि तो तिनं वापरला असेल तर मला त्याबद्दल बोलायला जागा नाही.