मावशींचा जबाब

आमचा कुत्रा समोरच्या मावशींना चावला, तो रविवार होता. सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी नुकताच त्याला खाली फिरवून आणलेला. पट्टा काढून खुंटीला अडकवला आणि दार उघडंच टाकून बुटांच्या नाड्या सोडत बसलो. ठाण्यात बाळकुमच्या आमच्या इमारतीत एका मजल्यावर चार दारं. आमच्या बरोबर समोरचं मावशींचं. त्या पेपर उचलायला बाहेर येऊन वाकल्या आणि हा माझ्या अंगावरून सुटला.

मी ओरडलो तेव्हा तो लगेच मागे फिरला, कान पाडून. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मावशींच्या उजव्या हाताच्या अंगठ्याखालून रक्त गळत होतं आणि पेपरवर थेंब पडत होते.

"आधी त्याला आत घ्या. दार लावा," मावशी म्हणाल्या.

मी त्याला आत कोंडून परत आलो, तर त्या स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभ्या होत्या. डाव्या हातात कपड्यांच्या साबणाची वडी. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी काय काय बडबडत होतो, चुकून झालं, तो असा नाहीये, वगैरे. त्या म्हणाल्या, "पंधरा मिनिटं धुवायचं असतं. अजून अकरा राहिलीत. तेवढ्यात त्याच्या लशीचं कार्ड घेऊन या."

कार्ड होतं. लस वेळेवर दिलेली होती. त्यांनी ते लांब धरून वाचलं आणि विचारलं, "महापालिकेचा परवाना?"

"तो काढायचा राहिला."

त्यांनी कार्ड परत दिलं आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मलाच पायाखालची फरशी गरम झाल्यासारखं वाटलं.

मावशींचं वय तेव्हा अडुसष्ट. डोंबिवलीत कोपरच्या चाळीत सगळी हयात गेली, यजमान तिथेच गेले, मग मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून त्या बाळकुमला आल्या. मुलगा-सून कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. मावशी निवृत्त होईपर्यंत कल्याणच्या कोर्टात टायपिस्ट होत्या. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश सांगणार आणि मावशी टाइप करणार, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. आमचा कुत्रा चावला, तो ह्या टाइप करणाऱ्या हातांपैकीच एक.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेच्या आतच इंजेक्शन द्यावं लागेल म्हणून सांगितलं. पाहणाऱ्यालाही सहन होणार नाही असा तो प्रकार. मावशींनी डाव्या हाताने टेबलाची कड धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. डॉक्टरांनी नोंदवहीत लिहिता लिहिता विचारलं, "कुत्रा भटका की पाळीव?"

"पाळीव. ह्यांचा," मावशींनी मानेने माझ्याकडे दाखवलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. आजारी पडला, मेला, काहीही झालं तरी लगेच कळवा."

दुसऱ्या दिवसापासून मावशी रोज सकाळी दार उघडून मला विचारायच्या, "आहे ना?" मी म्हणायचो, "आहे. खातोय, पितोय." त्या मान हलवून दार लावायच्या. बस, एवढंच.

पण मी मधल्या वेळात काय केलं, ते लिहायला हवं. दवाखान्यातून आल्या आल्या मी कल्याणच्या माझ्या एका वकील मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "हे बघ, नव्या न्यायसंहितेत दोनशे एक्क्याण्णव कलम आहे. पाळलेला प्राणी निष्काळजीपणे ठेवला आणि कोणाला इजा झाली, तर दंड होतो, कैदही होऊ शकते. शिवाय त्या भरपाई मागू शकतात. तू काही कबूल करू नकोस, लिहून तर अजिबात देऊ नकोस. आणि एक सांग, हा आधी कोणाला चावलाय का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, बोल ना. आधी चावलाय आणि तुला माहीत होतं, असं निघालं तर निष्काळजीपणा दुप्पट दिसतो."

चावला होता. गेल्या थंडीत, गेटवरच्या वॉचमनला. पँटमधून पोटरीत दात लागलेले. मी त्याला रिक्षाने नेलं, पहिलं इंजेक्शन देऊन आणलं आणि म्हटलं, "कशाला सोसायटीत बोलायचं? उगाच तमाशा होईल." तो बोलला नाही. दोन महिन्यांनी तो दुसऱ्या इमारतीत कामाला लागला आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं. बायकोलासुद्धा मी "नुसता ओरखडा" असं सांगितलेलं.

"मग ते तोंडातून काढू नकोस," मित्र म्हणाला, आणि त्याने एक मसुदा पाठवला. त्यात लिहिलं होतं की मालकाने सूचना देऊनही सदर महिलेने कुत्र्यास गोंजारण्याचा प्रयत्न केला, त्यामुळे सदर घटना घडली, व त्यांची काही तक्रार नाही. खाली सहीची जागा.

तो कागद घेऊन मी मावशींकडे गेलो. आज आठवलं तरी कान तापतात. त्यांच्या हाताला बँडेज, समोर सुनेने गावाला जाण्याआधी करून ठेवलेलं वरण आणि चमच्याने भात खाण्याची खटपट चाललेली. त्यांनी चष्मा लावला, कागद पूर्ण वाचला, मग डाव्या हाताने पेन्सिल घेऊन वेड्यावाकड्या अक्षरात दोन ठिकाणी काहीतरी केलं आणि कागद परत दिला.

"शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दाखवल्यात," त्या म्हणाल्या. "सही करता येणार नाही. मी त्याला हात लावला नव्हता. लावलाच नसता, मला कुत्रे आवडत नाहीत."

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दोघा-तिघांना घेऊन त्यांच्या दारात आले. आमचं दार बंद होतं, पण मजल्यावरचं बोलणं सगळं ऐकू येतं. बायको आणि मी आत उभं राहून ऐकत होतो. सेक्रेटरींनी अर्ज आणला होता, की हा कुत्रा हिंस्र आहे, अनेक रहिवाशांना चावलेला आहे, तरी तो इमारतीतून हटवण्यात यावा.

"अनेक म्हणजे कोण?" मावशींनी विचारलं.

"मावशी, तुम्ही आहात ना. आणि तो आधीचा वॉचमन, त्याला पण चावलेला म्हणतात."

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणतात ना? मी पाहिलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "मला चावला, एकदा चावला. एवढं मला माहीत आहे."

"अहो, आम्ही तुमच्याच बाजूने बोलतोय!"

"माझी बाजू मी लिहीन. तुम्ही कशाला त्रास घेता?"

मंडळी लिफ्टकडे गेली. थोड्या वेळाने मावशींनी आमची बेल वाजवली. म्हणाल्या, "उद्या अकराला मी पोलीस स्टेशनला जाणार आहे. तक्रार द्यायला. तुम्ही येऊ शकाल का? एका हाताने मला रिक्षात नीट चढता येत नाही. आणि तुमचं म्हणणं त्यांना लागेलच."

त्या रात्री बायको माझ्याशी एवढंच बोलली, "वॉचमनचं तू मला ओरखडा म्हणालेलास."

अशा रीतीने फिर्यादी आणि आरोपी एका रिक्षातून निघाले. मी मावशींचा डावा हात धरून त्यांना आत बसवलं. नाक्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा न राहवून विचारलं, "मावशी, तुम्हाला माझा इतका राग आलाय का?"

"राग? नाही. तुम्ही लगेच दवाखान्यात नेलंत, लशीचं कार्ड दिलंत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "कोर्टात माझ्यासमोर जी माणसं उभी राहायची ना, त्यांतली कितीतरी म्हणायची, साहेब, तेव्हा आपसात मिटवलं, लिहून काही ठेवलं नाही. मग रडायची. मी ते रडणं टाइप नाही करू शकत ना. कुत्रा तुमचा, दार तुमचं, हात माझा. हे कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच."

स्टेशनात टेबलावरच्या हवालदार बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "आजी, शेजारी आहात तुम्ही. रोज तोंड बघायचंय एकमेकांचं. मिटवून टाका ना. हे सोबत पण आलेत बघा, किती चांगले आहेत."

"चांगले आहेत, म्हणूनच सोबत आलेत," मावशी म्हणाल्या. "तुम्ही लिहून घ्या. दोनशे एक्क्याण्णव. दखलपात्र आहे."

हवालदार बाईंनी मावशींकडे नीट पाहिलं आणि साहेबांना बोलावलं. साहेब तरुण होते. त्यांनी स्वतः कॉम्प्युटरसमोर बसून जबाब घ्यायला सुरुवात केली. मावशी सांगू लागल्या, आणि त्या खोलीतली गडबड हळूहळू कमी होत गेली असं मला वाटलं. एक वाक्य, मग थांबणं, साहेबांची बोटं थांबली की पुढचं वाक्य. किती वाजले, कोणतं दार, कोणता हात. कुठेही एक शब्द जास्तीचा नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलेली ही बाई पहिल्यांदाच स्वतःचं सांगत होती, आणि त्यातही तिने मला सोडून दिलं नाही की बुडवलं नाही. "कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नव्हता," हे त्यांनी सांगितलं. "मालकाने ओरडताच कुत्रा मागे गेला," हेही सांगितलं, आणि साहेब ते गाळून पुढे गेले तेव्हा म्हणाल्या, "ते राहिलं. घाला."

शेवटी साहेबांनी विचारलं, "कुत्रा यापूर्वी कोणाला चावल्याची माहिती आहे?"

"मला स्वतःला नाही," मावशी म्हणाल्या. "लोक बोलतात ते ऐकीव आहे. ते लिहू नका."

एवढं बोलून त्या बँडेजची सुटलेली पट्टी चिकटवत बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित चिडलो असतो. सेक्रेटरींकडून त्यांनी ते ऐकलेलं होतं, ते लिहिलं गेलं असतं तर त्यांचीच बाजू भक्कम झाली असती, आणि तरी त्यांनी ते माझ्यासाठी रिकामं ठेवलं.

"साहेब, चावलाय," मी म्हणालो. "आमच्या आधीच्या वॉचमनला. गेल्या हिवाळ्यात. मीच त्याला गप्प राहायला सांगितलेलं."

साहेबांनी की-बोर्डवरून हात काढले. "बघा हां, हे तुमच्या विरोधात जाईल."

"लिहा."

परतताना बाळकुम नाक्यावर मावशींनी केळी घ्यायला रिक्षा थांबवली आणि मला उतरून आणायला लावली.

पोलिसांना वॉचमनचाही जबाब हवा होता. तो कोलशेतला एका मोठ्या संकुलाच्या गेटवर सापडला. मला ओळखून उठून उभा राहिला, त्याचंच वाईट वाटलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही गप्प राहा म्हणालात, मी राहिलो. पण पुढच्या इंजेक्शनला तुम्ही विचारलंसुद्धा नाही. ड्युटी सोडून मीच जात होतो." तो जबाब द्यायला आला. पोटरीवरची खूण त्याने साहेबांना दाखवली. ती ओरखड्याची नव्हती.

केस ठाण्याच्या कोर्टात पाच-सहा महिन्यांनी उभी राहिली. वकील मित्र तोवर माझ्यावर वैतागून गप्प झाला होता, पण आला. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी आहे म्हणालो. दंड झाला, ताकीद मिळाली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. मावशींना यायची गरज नव्हती, तरी त्या आलेल्या, मागच्या बाकावर ताठ बसून. बाहेर पडताना त्या टायपिस्टच्या टेबलाकडे वळून बघत म्हणाल्या, "आता आवाजच येत नाही मशीनचा." दवाखान्याचा खर्च त्यांनी माझ्याकडून घेतला, भरपाई मागितली नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "जेवढं झालं तेवढंच."

अंगठा पूर्वीसारखा वळत नाही. बाटलीचं झाकण उघडायचं असलं की त्या बेल वाजवतात. आमचा कुत्रा आता तोंडाला जाळी लावल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही, परवाना काढला, शिकवणारा माणूस आठवड्याला येतो. मावशी कुत्र्यासोबत लिफ्टमध्ये येत नाहीत. दार उघडलं आणि आम्ही आत असलो की हाताने खूण करतात, जा तुम्ही, मी पुढच्याने येते. त्यांना तो आवडत नाही आणि आवडतो असं त्या दाखवतही नाहीत. सोसायटीने कुत्र्यांसाठी नियम करायचे ठरवले, तेव्हा सेक्रेटरींनीच त्यांना मसुदा करायला सांगितला. त्यांनी तो आधी कुत्री पाळणाऱ्या घरांना वाचायला दिला. नियम पाळायचे तुम्हाला आहेत, म्हणाल्या.

मागच्या महिन्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून देता देता मी त्यांना विचारलं, "मावशी, त्या दिवशी स्टेशनात मी वॉचमनचं बोललोच नसतो तर?"

"तर ते लिहिलं गेलं नसतं," त्या म्हणाल्या. मग बरणी पुढे ओढत म्हणाल्या, "वाटी आणा घरून. तुम्हाला पण देते थोडं."